वर्गात शांत बसणाऱ्या मुलीची तपासणी कोण करणार?

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेहून अधिक मुलांच्या वाचनाचा मागोवा घेतला होता. वाचन जमत नाही म्हणून शाळांनी आपल्या पद्धतीने जी मुलं निवडली होती, त्यांत दुसरीच्या वर्गात मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या सुमारे चौपट होतं. संशोधकांनी मात्र शाळेचं मत बाजूला ठेवून सरसकट सगळ्यांच्या चाचण्या घेतल्या. तेव्हा वाचनाची अडचण सुमारे ९ टक्के मुलग्यांमध्ये आणि ७ टक्के मुलींमध्ये सापडली. फरक जवळजवळ पुसला गेला. मुली अडखळत होत्याच, फक्त त्यांना कोणी पुढे पाठवलं नव्हतं.

हा अभ्यास डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचनातल्या अडचणीचा आहे, पण ऑटिझम (लोकांशी संवाद आणि वागण्याची घडण वेगळी असणं) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलता, उतावळेपणा) यांच्या चर्चेतही मला तो वारंवार आठवतो. आपल्या मुलीच्या मेंदूची घडण वेगळी असावी, ती न्यूरोडायव्हर्जंट असावी अशी शंका आली, तर पालक आणि शाळा दोघंही एकच प्रश्न विचारतात: तिचा कोणाला त्रास होतो का? बाक वाजवणारा, मध्येच उठून जाणारा, मारामारी करणारा मुलगा आठवड्याभरात मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचतो आणि तिथून समुपदेशकाकडे. खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलीचा त्रास कोणालाच नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे मोजमापच चुकीचं आहे. असेसमेंट, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासणी, करायचं की नाही हे तिच्यामुळे इतरांना काय सोसावं लागतं यावर ठरू नये. इतरांसारखं दिसण्यासाठी तिला स्वतःला काय मोजावं लागतं, यावर ठरावं.

एडीएचडी म्हटलं की डोळ्यांपुढे खुर्चीवर न टिकणारा मुलगा येतो. पण ज्या निदानपुस्तकाचा जगभर आधार घेतला जातो, त्या डीएसएममध्ये अवधानाशी निगडित नऊ लक्षणांची वेगळी यादी आहे. हातातली वस्तू हरवणं, सुरू केलेलं काम अर्धवट सुटणं, समोरचा बोलत असताना मन भलतीकडेच असणं, कामांचा क्रम लावता न येणं, अशी ती लक्षणं आहेत. यांतली सहा लक्षणं लहान मुलात दीर्घकाळ दिसत असतील आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर निदान होऊ शकतं. त्यासाठी मुलीने एकदाही जागेवरून उठायची गरज नाही. अशी मुलगी गृहपाठाला तीन तास घेते. त्यातला एक तास सुरुवात करण्यात जातो आणि दुसरा, लिहिलेलं खोडून पुन्हा लिहिण्यात. वही सुंदर दिसते. शिक्षक ती वही बघतात, ते तीन तास त्यांना दिसत नाहीत.

ऑटिझमचं चित्र आणखी फसवं. 'तिला तर मैत्रीण आहे' असं म्हणून शंका झटकली जाते. मैत्रीण असते, पण एकच, आणि ती गैरहजर असली की हिचा दिवस कोसळतो. ही खेळात सामील होते, पण खेळाचे नियम हिनेच ठरवलेले असतात किंवा ही दोन पावलं मागे राहून बाकीच्या काय करतात ते टिपत असते. कोणाच्या विनोदावर कसं हसायचं, कोणाशी बोलताना किती वेळ डोळ्यांत बघायचं, हे तिने पाठांतरासारखं शिकून घेतलेलं असतं. संभाषण होण्याआधी ते मनात घोकून ठेवते आणि झाल्यावर रात्री अंथरुणात पुन्हा चालवून बघते. आवडीचे विषयही चारचौघींसारखेच असतात, प्राणी, एखादी गायिका, एखादी पुस्तकमालिका. रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या मुलाकडे लोक वळून पाहतात. घोड्यांच्या सगळ्या जाती त्यांच्या उंचीसकट सांगणाऱ्या मुलीचं कौतुक होतं. फरक विषयाचा नाही, तीव्रतेचा आहे, आणि तीव्रतेबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

शिकून घेतलेल्या वागण्यामागे अडचण अशी झाकली जाण्याला मास्किंग म्हणतात. डीएसएमच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीने ते ऑटिझमच्या निकषांतच मान्य केलं आहे: लक्षणं बालपणापासून असली, तरी सामाजिक अपेक्षा मुलाच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पुरती उघड होणार नाहीत किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे झाकली जातील. म्हणूनच अनेक मुलींच्या बाबतीत शंका अकराव्या-बाराव्या वर्षी येते. तोवर मैत्री म्हणजे बरोबर खेळणं असतं. पुढे ती सूचक बोलणं, न सांगता समजून घेणं, गटात कोण आत आणि कोण बाहेर याचा रोज बदलणारा हिशेब होऊन बसते. एका शिक्षकाच्या जागी सहा येतात, प्रत्येकाची शिस्त निराळी. त्याच सुमारास पाळी सुरू होते. मग पालकांना वाटतं की मुलगी अचानक बदलली, आणि भेटणारा प्रत्येकजण 'वयच तसं आहे' म्हणून मोकळा होतो.

दिवसभर आवरून धरलेलं सगळं बाहेर पडतं ते घरी. दप्तर टाकताक्षणी रडणं, मोज्याच्या शिवणीवरून किंचाळणं, दार लावून अंधारात पडून राहणं. सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी पोटात दुखतं आणि डॉक्टरांना तपासणीत काहीच सापडत नाही. पालक शाळेत जाऊन हे सांगतात तेव्हा उत्तर मिळतं, 'आमच्याकडे तर छान असते.' हे वाक्य खरं असतं. अडचण पुढच्या न उच्चारलेल्या वाक्यात असते: म्हणजे घरचंच काहीतरी चुकत असणार. शाळेत छान आणि घरी कोलमडलेली, ही विसंगती पालकांच्या विरोधातला पुरावा मानली जाते. वास्तविक ती तपासणीला पाठवण्यासाठीचा सगळ्यात चांगला संकेत असू शकते.

इथे निकषांचाही थोडा दोष आहे. एडीएचडीची लक्षणं किमान दोन ठिकाणी, बहुधा घरी आणि शाळेत, दिसायला हवीत ही अट आहे. अट शहाणपणाची आहे, कारण एकाच ठिकाणचा त्रास त्या ठिकाणाचाही असू शकतो. पण शाळेतली माहिती शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून येते. चाळीस मुलांच्या वर्गात सर्वांत कमी त्रास देणाऱ्या मुलीबद्दल शिक्षक काय लिहिणार? 'कधीच नाही' या रकान्यातल्या खुणा म्हणजे लक्षण नसल्याचा पुरावा नव्हे. कित्येकदा तो नीट न बघितल्याचा पुरावा असतो.

हे असं का झालं, याची मुळं जुनी आहेत. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत ज्या २० मुलांचं वर्णन केलं आणि जिथून एडीएचडीचा वैद्यकीय इतिहास सांगायची प्रथा आहे, त्यांत १५ मुलगे होते. लिओ कॅनर यांच्या ऑटिझमवरच्या १९४३ च्या लेखातल्या ११ मुलांत ८ मुलगे. १९४४ साली हान्स अस्पर्गर यांनी ऑटिझमच्याच चार मुलांचं सविस्तर वर्णन केलं, ते चारही मुलगे. पूर्ण विकसित चित्र असलेली मुलगी आपल्याला आढळली नाही, असं त्यांनी लिहिलं, आणि त्याच ओघात हेही की अशा मुलांच्या काही आयांमध्ये तीच वैशिष्ट्यं स्पष्ट दिसली. आया दिसल्या, पण त्याही कधीतरी मुली असणार हा विचार पुढे गेला नाही! त्याआधीच मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीने १९२० च्या दशकात अशाच आधी सहा मुलग्यांचं आणि मग १९२७ साली मुलींचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. मुलग्यांवरचा लेख १९९६ साली इंग्रजीत आला. मुलींवरच्या लेखाला २०२० उजाडावं लागलं.

मुलगे बघून निकष बनले, त्या निकषांवर चाचण्या बनल्या, त्या चाचण्यांत मुलगे जास्त सापडले, आणि ते आकडे बघून 'हे मुलग्यांमध्येच असतं' असं डॉक्टर शिकले. मी इथे मुली आणि मुलगे अगदी बरोबरीने असतात असा दावा करत नाही. ऑटिझममध्ये मुलगे जास्त आहेत हे नीट केलेल्या अभ्यासांतही दिसतं. २०१७ साली ५४ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हे प्रमाण पाठ्यपुस्तकी 'चारास एक' ऐवजी 'तीनास एक'च्या जवळ आलं. त्यातला महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. ज्या अभ्यासांनी आधी निदान झालेली मुलं नुसती मोजली, त्यांत मुलग्यांचं पारडं साडेचार पटीने जड होतं. ज्यांनी लोकसंख्येत जाऊन स्वतः शोध घेतला, त्यांत ते सव्वातीन पटीवर आलं. कनेटिकटमध्ये वाचनाबद्दल जे दिसलं, तेच इथेही: शोधणाऱ्याला मुली सापडतात. एडीएचडीबद्दल डीएसएममध्येच नोंद आहे की लहान वयात मुलगे-मुलींचं हे प्रमाण दोनास एक असतं, प्रौढांमध्ये १.६ ला एक. वाढत्या वयात मुलग्यांची चंचलता ओसरते हे याचं एक कारण. दुसरं कारण उघड आहे, बायका तिशी-चाळिशीत स्वतःहून दवाखान्यात जातात. लहानपणी त्यांना तिथे नेणारं कोणी नव्हतं.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला शिक्क्याचा. 'एकदा कागदावर आलं की आयुष्यभर चिकटतं.' ही भीती मला पोकळ वाटत नाही. निदानाचा कागद हातात आल्यावर शिक्षकांच्या अपेक्षा खाली येतात, नातेवाइकांच्या आवाजात एक खास कीव येते, हे घडतं. पण निदान टाळल्याने पाटी कोरी राहत नाही. आळशी, नाटकी, हट्टी, फाजील हळवी ही निदानंच आहेत, फक्त ती करायला कोणाचं शिक्षण लागत नाही. आणि दहा-बारा वर्षांची मुलगी त्यांतलं एखादं निमूटपणे स्वीकारते, कारण सगळ्यांना जमतं ते आपल्याला का जमत नाही याचं दुसरं कुठलं उत्तर तिच्याकडे नसतं.

दुसरा आक्षेप असा, की मुलींमध्ये हे सौम्यच असतं, कशाला मागे लागायचं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे स्टीफन हिनशॉ यांनी १९९७ पासून एडीएचडी असलेल्या १४० मुलींचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्या तरुण झाल्या तेव्हा स्वतःला इजा करून घेण्याचं आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या मुलींपेक्षा बरंच जास्त निघालं, विशेषतः लहानपणी ज्यांच्यात अवधानाबरोबर उतावळेपणाचीही लक्षणं होती त्यांच्यात. या अभ्यासाचा सोयीस्कर अर्थ काढायचा मोह मात्र टाळला पाहिजे. त्या मुलींचं निदान झालेलंच होतं, तेव्हा 'निदान केलं की संकट टळलं' असं त्यातून सिद्ध होत नाही. पण सौम्यतेचा समज मात्र त्यापुढे टिकत नाही.

तिसरा आक्षेप सध्या सगळ्यात जोरात आहे: अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बघून हल्ली प्रत्येकीला आपण ऑटिस्टिक वाटतो. यात तथ्य आहे. विसराळूपणा, गर्दीचा कंटाळा, कामं पुढे ढकलणं, ही यादी झोप न झालेल्या कोणत्याही माणसाला लागू पडेल. पण यावरचा उपाय असेसमेंट टाळणं हा कसा असेल? व्हिडिओवर विश्वास नसेल, तर प्रशिक्षित माणसाकडे नेणं हाच मार्ग उरतो. आणि तो माणूस चांगला असेल तर पालकांची शंका खोटीही ठरवेल. सतत हरवल्यासारखी दिसणारी मुलगी काही सेकंद भान हरपणाऱ्या अॅब्सेन्स प्रकारच्या फिट्समुळे तशी दिसत असू शकते. तिला ऐकू कमी येत असेल. घोरण्यामुळे झोप मोडत असेल. थायरॉइडचा दोष असेल. चिंतेचा विकार असेल, किंवा कोणी तिला छळत असेल आणि ते तिने अजून सांगितलं नसेल. यांतली कुठलीही गोष्ट कळली तरी असेसमेंट वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

म्हणूनच असेसमेंट कसलं, हा प्रश्न करायचं की नाही याइतकाच महत्त्वाचा आहे. अर्ध्या तासाची भेट, एक प्रश्नावली आणि लगेच निकाल, मग तो 'आहे' असो वा 'नाही', हे असेसमेंट नव्हे. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा या कामाचं प्रशिक्षण असलेले मानसशास्त्रज्ञ गरोदरपणापासूनचा इतिहास विचारतात, मुलीशी एकटीशी बोलतात, तिचं निरीक्षण करतात, शाळेकडून माहिती मागवतात, गरजेनुसार बुद्धिमत्ता, भाषा आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या घेतात. ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही तपासायला सांगावं. २०१३ पूर्वी डीएसएमच्या नियमानुसार ऑटिझम असलेल्या मुलाला एडीएचडीचं निदान देताच येत नव्हतं, आणि त्या काळातली 'हे किंवा ते' ही सवय अजून गेलेली नाही. शिवाय 'लहानपणी स्क्रीनिंग झालं होतं, तेव्हा काही नव्हतं' यावर फार विसंबू नये. एम-चॅटसारखी ऑटिझमच्या प्राथमिक चाळणीची प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी असते. त्या वयात जे दिसत नव्हतं ते बाराव्या वर्षी नसेलच असं नाही.

मुलीला घेऊन जाण्याआधी पालकांनी एक काम करावं. 'ती फार संवेदनशील आहे' असली मतं तज्ज्ञांना देऊन फारसा उपयोग होत नाही. काय घडलं, त्याआधी काय झालं होतं, सावरायला किती वेळ लागला, हे तीन-चार आठवडे लिहून ठेवावं. पहिली-दुसरीच्या जुन्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे शोधावेत. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' हा शेरा सलग पाच वर्षं पाच वेगळ्या शिक्षकांनी लिहिलेला असेल, तर तो पुरावा आहे, कारण एडीएचडीसाठी काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात. आणि त्या दिवशी निघताना 'नीट बस, नीट बोल' असं सांगू नये. ती तेच तर करत आली आहे. तपासणाऱ्याला 'ती शाळेनंतर कशी असते' हे विचारायची सवय नसेल, तर आपण होऊन सांगावं. 'पण माझ्याशी छान डोळ्यांत बघून बोलली' एवढ्यावर शंका निकालात काढणारे तज्ज्ञ मिळाले, तर दुसरं मत घ्यायला संकोचू नये.

मुलीला काय सांगायचं? खरं ते. 'तुझ्यात काय बिघडलंय ते बघायला जातोय' आणि 'सहज खेळायला जातोय' ही दोन्ही वाक्यं वाईट. पहिल्याने ती घाबरते, दुसरं तिला खोटं म्हणून लक्षात राहतं. 'तुला काही गोष्टींसाठी इतरांपेक्षा जास्त ताकद लावावी लागते असं आम्हाला दिसतंय, ते का हे समजून घ्यायचंय' एवढं पुरतं. बारा वर्षांच्या मुलीची संमती कायद्याने लागो वा न लागो, ती विचारावी. तिला नको असेल तर का नको हे आधी ऐकावं. बहुधा कारण एकच असतं: वर्गात कळलं तर? त्याचं उत्तर पालकांकडे तयार असायला हवं. अहवालातलं कोणाला काय सांगायचं यात तिचं मत पहिलं. शाळेला सोयीसवलतींसाठी लागेल तेवढंच कळवायचं. आत्या-मावशांना काहीच कळवलं नाही तरी चालतं.

इथवर मी पालकांबद्दल बोललो, पण सगळा भार त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. ज्यांच्याकडे वेळ आहे, वाचायची सवय आहे, 'नाही' ऐकल्यावर पुन्हा दार ठोठावायची हिंमत आहे, त्यांच्याच मुली मग तपासल्या जातील. शाळांनी पाठवण्याची पद्धत बदलली पाहिजे. वाचनाची चाचणी शंका आलेल्यांची नको, सगळ्यांची हवी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात वर्गाची शिस्त मोडणाऱ्या मुलाबरोबरच शिस्त अतिरेकाने पाळणारी मुलगीही यायला हवी, जी वर्षभर एकही प्रश्न विचारत नाही, जिची वही कायम नीट पण कायम उशिरा येते, जी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात किंवा स्वच्छतागृहात असते. अशा मुलीच्या पालकांना विचारायला एकच प्रश्न पुरे: घरी गेल्यावर ती कशी असते?

दुसरी गोष्ट शाळा आजच करू शकतात आणि तिला कुठल्याही अहवालाची गरज नाही. सूचना तोंडी दिल्यावर फळ्यावरही लिहिणं, मोठं काम तुकड्यांत देणं, वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगणं, गोंगाट असह्य झाला तर दहा मिनिटं शांत जागी बसू देणं. अनेक ठिकाणी असेसमेंटसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. त्या काळात 'आधी सर्टिफिकेट आणा' असं म्हणून एवढ्या साध्या गोष्टी अडवून ठेवणाऱ्या शाळेला मी दयाळू म्हणणार नाही, मग तिच्या भिंतींवर समावेशक शिक्षणाची कितीही पोस्टर असोत. परीक्षेत जादा वेळ मिळण्यासाठी कागद लागतो, ते समजू शकतं. फळ्यावर चार ओळी लिहायला कशाला लागतो?

आणि अहवालात 'निकष पूर्ण होत नाहीत' असं आलं तर? तेव्हा पालकांनी तज्ज्ञांना विचारावं की मग हा त्रास कशामुळे आहे आणि त्यासाठी काय करायचं. निकष पूर्ण न होणं म्हणजे त्रास नसणं नव्हे. चिंतेवर उपचार लागतील, झोपेवर लागतील, कदाचित शाळा बदलावी लागेल. अहवाल जपून ठेवावा, आणि शाळेचा टप्पा बदलताना, नव्या मागण्यांखाली ती पुन्हा वाकताना दिसली, तर तो घेऊन पुन्हा तपासायला सांगावं.